पत्रं आणि पत्रे

दिवसभर लोकांच्या घरांवर पत्रे ठोकून आलो आणि भिंतीला पाठ लावून बसलो. समोर पोरगी पत्रं लिहीत होती. इंग्रजीत मागच्या खेपेला तिची दांडी उडाली, परवा पुन्हा पेपर. पास झाली की नर्सिंगला लांब जाणार.

"बाबा, पेपरात दोन जातीची पत्रं येतात. एक साहेबाला, एक घरच्यांना."

"माझ्याकडं पण दोनच येतात. साधे आणि रंगीत."

ती हसली नाही. बरोबरच आहे. शाळेत मी एकदाच गेलोय, तेपण छपरावर.

साहेबाचं पत्र तिनं धडाधड लिहिलं. 'डिअर फादर'च्या पुढं मात्र पेन अडलं. "हॉस्टेलवरून वडलांना पत्र लिहा, असं विचारलंय. काय लिहू?"

"विचार, जेवलात का."

"एवढ्याला मार्क देत नाहीत, बाबा."

खरंय. मालकापुढं मी पण घडाघडा बोलतो. घरात पाय टाकला की तोंडात हे एकच वाक्य उरतं. तेवढ्यावरच पोर वाढली.

"पण मी तर हितंच बसलोय की," मी म्हटलं.

"परीक्षेतले वडील लांबच असतात."

असं म्हणून ती लिहायला लागली, आणि आता पेन कुठं थांबेना. माझे खांदे ठणकत होते, डोळे मिटत होते. शेवटी वही बंद करून ती म्हणाली, "बाबा, ताट वाढू?"

मला म्हणायचं होतं, पास हो, खुशाल जा. तोंडातून निघालं, "तू जेवलीस का?"