नानांची चाल

“चाल सांगा, नाना,” मी पेन्सिल सरसावून म्हणालो. नाना उठले आणि खोलीभर चालायला लागले.

“अहो, चाल म्हणजे धून!”

“आवं मास्तर, तीच सांगतुया न्हवं? चालल्याबिगर कशी यील?”

साठ-बासष्टची गोष्ट. पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन मी मिरजेत बँडवाल्यांना नोटेशन लिहून द्यायचो. नोटेशन म्हणजे सुरांची लिपी. दगडूनाना कडेगावच्या बँडात बास वाजवायचे. बास म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर तोंड उघडणारा पितळी भोंगा. त्यानं मागून घुमत राहायचं, एवढंच. पण वरातीत नाना मधेच सगळ्यांना गप्प करून एकटे वाजवायचे, आणि लोक पंगतीतून उठून ऐकायला यायचे.

एका रेकॉर्ड कंपनीला तेच हवं होतं. नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी नानांचं फुंकणं कायमचं बंद केलं. छातीनं दगा दिला होता. मी लिहायचं आणि त्यांच्याच बँडातल्या युसुफनं वाजवायचं, असं ठरलं. नाहीतर ते वाजवणं नानांबरोबरच संपणार होतं.

पंचाईत अशी, की नाना दरवेळी वेगळं वाजवायचे. का, ते आता कळलं. रुंद चौक आला की सूर लांबायचा, बोळ आला की आखडायचा. ते रस्ता वाजवत होते.

“शिराळ्याची सांगू, का कडेगावची?”

“तुमच्या आवडीची.”

“मग कडेगावची. माज्याच वरातीची. नवरा मीच आन् बासबी मीच. घोड्यावर बास कुठला मावतुया? उतरलो आन् चालाय लागलो.”

नाना डोळे मिटून, गुणगुणत चालू लागले. मी लिहीत राहिलो. दुपार कधी कलली कळलं नाही. मलाही ती वेस, तो पार दिसू लागला. पारापाशी नाना थांबले, गुणगुणणंही थांबलं.

“काय झालं?”

“हितं कारभारीण हसली. वाजवायचं ऱ्हायलं.”

मी विश्रांतीची खूण लिहिली. विश्रांती म्हणजे तेवढा वेळ वाजवायचं नाही.

रेकॉर्डिंग एका तंबोरेवाल्याच्या माडीवर होतं. युसुफ सूर चोख वाजवायचा, पण विश्रांतीत घाई करायचा. कंपनीचे साहेब वैतागले. “मास्तर, ती गॅप काढा. लोकांना वाटेल रेकॉर्ड बिघडली.”

नानांचा चेहरा उतरला. “सायेब, बाकी काय बी कापा. तेवढं ऱ्हाऊ द्या.”

“एक शेवटचा टेक,” साहेब म्हणाले.

नानांनी वहाणा काढल्या. “माज्या पायाकडं बघ रं, गड्या.” ते अनवाणी चालू लागले, युसुफ त्यांच्या पावलांवर वाजवू लागला. नाना थांबले, तोही थांबला. आणि त्या शांततेत, भिंतीशी टेकलेले तारा लावलेले तंबोरे कुणी हात न लावता गुणगुणत राहिले. साहेबांनी डोळे मिटले होते.

“राहू दे गॅप,” ते नंतर म्हणाले.

पुढं कडेगावच्या एका लग्नात ती रेकॉर्ड कर्ण्यावर लागली. नानांची कारभारीण, म्हणजे आमच्या काकू, मांडवात तांदूळ निवडत होत्या. विश्रांतीची ती जागा आली. काकूंनी नानांकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

“इथंच हसला होतात ना, काकू?”

“व्हय की. ह्यास्नी लय ऐट! वर बघून वाजवाय गेलं, आन् फेटा सुटून वाऱ्यानं भोंग्यात गेला. आवाजच बंद!”

“गप ऱ्हा की,” नाना लाजून म्हणाले.

तेव्हापासून विश्रांतीची खूण मी इमानानं लिहितो. कारण विचारत नाही.