सातव्या मापकाचं शून्य

बोगद्याच्या कामावर तिला सगळे शंकेखोर ताई म्हणत. बोगद्यातल्या विषारी वायूचे आकडे तपासणं हे तिचं काम, आणि आकडा असो की माणूस, पहिल्या झटक्यात विश्वास ठेवेल तर ती ताई कसली! तिचा धाकटा भाऊ त्याच बोगद्यात खोदयंत्र चालवायचा. तो म्हणे, "आमची ताई आरशातल्या बाईलाही ओळखपत्र मागेल."

त्या सकाळी सातव्या मापकाचा आकडा तीन दिवस शून्यावरच असल्याचं तिला दिसलं. भाऊ त्या मापकाच्या पुढेच खोदत होता.

"हवा स्वच्छ आहे, उगाच खुसपट काढू नका," मुकादम म्हणाला.

खरी हवा थोडी तरी वरखाली होतेच. इथे पाणी मुरत होतं. काम थांबू नये म्हणून मुकादमानेच शून्यं भरली असणार, हे तिने मनोमन ठरवून टाकलं.

तिने मापकाची मूळ नोंद उघडली. मापक बिघडला की यंत्र आकड्याच्या जागी 'हा आकडा नाही' अशी खूण ठेवतं. ही खूण आकड्यांच्या रांगेत बेमालूम बसते, पण तिची एक खोड असते: ती स्वतःच्याही बरोबरीची नसते. म्हणून ताईने रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तू तुझ्याइतकाच आहेस का? तीन दिवसांतला एकही 'हो' म्हणाला नाही. मापक कधीच मेला होता.

तिने तडक फोन करून सगळ्यांना बाहेर काढलं. हातात धरायचा मापक घेऊन मुकादम आत गेला आणि धावत परतला. वायू मर्यादेच्या दुप्पट होता.

भाऊ धुळीने माखलेला तिच्या खोलीत आला. त्याला धडधाकट पाहून तिला रडूच आलं. मुकादम दारात घाम पुसत उभा होता, आणि ती अजून त्याच्याकडे रोखून बघत होती.

"खुणांची शून्यं कोणी केली?" सगळं ऐकून भावाने विचारलं.

तिने आलेख काढणाऱ्या प्रोग्राममधली ती ओळ शोधून काढली. सात वर्षांपूर्वीची. साहेबांना आलेख तुटका दिसायला नको होता, म्हणून खुणेच्या जागी शून्य घालणारी. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव होतं.

ताईने ते दोनदा वाचलं. मग मुकादमाला खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"मी," ती म्हणाली.