आधी झाकण, मंग भाजी

शिकवायला उभ्या राहिल्या की बाई दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरायच्या, जणू मध्ये एखादा डबा आहे. मग म्हणायच्या, "आधी झाकण, मंग भाजी." म्हणजे टॅग, कोडमधली कंसातली खूण, उघडला की आत काही लिहिण्याआधी तो बंद करणारा टॅग लिहून टाकायचा, आणि मगच मधली जागा भरायची. वेबसाइटच्या कोडमध्ये उघडलेलं काही बंद करायचं राहिलं, तर खालचं सगळं पान विस्कटतं. गडचिरोलीतल्या कितीतरी मुलामुलींना ही गोष्ट त्या एका वाक्यानं कळली. मलाही.

तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतं, तर ही बाई कॉम्प्युटर शिकवते असं तुम्हाला वाटलं नसतं. त्या मूळच्या टायपिंगच्या. बसस्टँडजवळ त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा त्या डीटीपी शिकल्या. डीटीपीची दुकानं गल्लोगल्ली झाली तेव्हा वेबसाइटचा कोड, एचटीएमएल, शिकल्या. प्रत्येक वेळी अगदी पहिल्या धड्यापासून, आणि आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. होऊन, बाई शिकवायच्या त्या कॉम्प्युटर सेंटरवर शिकवायला लागलो, त्या दिवशी बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "मास्तर, थकले तं नाई न अजून?"

"आजच तर आलो, बाई."

"मंग ठीक आहे. बसा."

वीज गेली तरी त्यांचा वर्ग थांबत नसे. मुलं फळ्यावर खडूनं कोड लिहायची आणि बाई स्वतः ब्राउजर होऊन तो वाचायच्या. मोठं शीर्षक ओरडून, बारीक अक्षर कुजबुजत. शीर्षकाचं झाकण कोणी विसरलं असेल, तर खालचा पत्ता, फोन नंबर, सगळं त्याच चढ्या आवाजात वाचत सुटायच्या. शेवटी वर्गच ओरडायचा, "बाई, झाकण! झाकण राह्यलं!" मग कुठे त्या पाणी प्यायच्या.

त्यांनी काही वेबसाइटही केल्या होत्या. एका शाळेची, जंगलाजवळच्या एका लॉजची, बांबूच्या वस्तू करणाऱ्या एका गटाची. त्या काळी आमच्याकडचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चालायचं आणि तारेवर फांदी पडली की दिवसेंदिवस बंद. म्हणून बाई आठवडाभर सेंटरवर पानं लिहायच्या, पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आणि शनिवारी एसटीनं चंद्रपूरला जाऊन तिथल्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवून यायच्या. गाडीत बसल्या की पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळायच्या आणि झोपायच्या. जाताना झोप, येताना झोप. एरवी त्यांना झोप मिळत होती की नाही, कोण जाणे.

मग एकदा आमच्या सेंटरचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, नागपूरहून नवीनच काही शिकून आले. सीएमएस. तयार साचा असतो, त्यात मजकूर भरायचा, की वेबसाइट उभी.

"आता कोड गिड काई नाई, बाई. लॉगिन करा, लिवा, बटन दाबा."

"अन् लाइन गेली तं?"

"टॉवर येऊन राह्यले न आता सगळीकडं."

तेही खरंच होतं. भाऊंनी हा नवा वर्ग घ्यायला आधी बाईंनाच विचारलं. बाईंनी हात जोडले. "मले आता पुन्हा पहिल्या धड्यावर नका बसवू. मास्तरले शिकवा."

मी अडून बसलो. कोड हीच खरी विद्या, बाकी सगळं उसनं, असं मला मनापासून वाटत होतं. शिवाय माझा वर्ग भरला तर बाईंचा रिकामा होणार, हे उघड होतं. बाईंनाही ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, "तुमचे बाबा तलावात मासोळ्या धरतात न? जाळं घरी विणतात का?"

"आधी विणत. आता बाजारातून आणतात."

"काऊन? विचारून या."

रविवारी गावी गेलो. बाबा तलावाच्या पाळीवर जाळं वाळत घालत होते. मी विचारलं. खुळ्याकडं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "विनतच बसलो असतो तं तुले कॉलेजात कोन धाडलं असतं? अखा उन्हाळा जाये एका जाळ्यात." मग जाळं झटकत म्हणाले, "फाटलं तं शिवता येते मले. तेवढं पुरे."

सोमवारी बाईंना सांगितलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "झालं मंग. शिका."

मी शिकलो आणि वर्ग सुरू केला. त्यानंतर बाईंनी जे केलं ते मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. धानोऱ्याकडची एक मुलगी त्यांना विचारत होती, "बाई, तुमचं सहा महिन्याचं हाय, सरांचं लवकर होते म्हणते. मी काय करू?"

"घरी वाट पाहून राह्यले काय तुह्या नोकरीची?"

"हो, बाई."

"मंग तिकडं जा. झाकणाचं इसरू नको फक्त."

असं करत त्यांनी आपला वर्ग स्वतःच्या हातानं माझ्याकडं पाठवून दिला. कोणालाही थांब म्हणाल्या नाहीत. शेवटी फळा पुसला, उरलेले खडू माझ्या टेबलावर ठेवले आणि सेंटर सोडून गेल्या.

पुढं काही वर्षांनी चंद्रपूरच्या गाडीत त्या भेटल्या. खिडकीशी बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो.

"काय बाई, शनिवारची ड्यूटी सुरूच?"

"नाई जी. बहिणीकडं चालली, वाटेत मूलले उतरीन. या रस्त्यानं पहिल्यांदा जागी चालली मी. केवढी झाडं आहेत इथी, मास्तर! तुम्ही कुठी?"

"ट्रेनिंगला. आमचं ते सीएमएस जुनं झालं, बाई. आता नवीन आलं."

"आणखी?"

"आणखी."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "थकले, मास्तर?"

मी मांडीवरची बॅग सावरली. त्या उठल्या. "इकडं खिडकीपाशी या. टेकवा डोकं."

जाग आली तेव्हा गाडी चंद्रपुरात शिरत होती. मूल गाव केव्हाच मागं पडलं होतं, शेजारची जागा रिकामी होती. माझ्या बॅगेचा बंद माझ्याच मनगटाला दोन वेढे देऊन नीट गुंडाळलेला होता.