बाइंडरचाचांचा प्रश्न

इथे आखातात, अल कुसैसमधले आमचे रत्नागिरीचे बाइंडरचाचा प्रत्येक पुस्तक आधी वाचतात, मग बांधतात; त्यामुळे वेळेवर कधीच देत नाहीत. पत्नी गेल्यावर तिचा अपुरा प्रबंध मी त्यांच्याकडे दिला. जुन्या युरोपातले पाद्री ज्यू पंडितांकडून त्यांचे ग्रंथ कसे शिकले, हा तिचा विषय. बांधताना पानांच्या कडा कापतात आणि तिची टिपणं पार कडेपर्यंत होती, हे घरी आल्यावर आठवलं. धावत परत गेलो.

"चाचा, कडा कापल्यात?"

"कुठं? वाचतोय अजून. साहेब, हा ज्यू उस्ताद दिवसभर पाद्र्याच्या घरी शिकवणार. त्याला तिथलं जेवण चालणार नाय. मग खायचा काय?"

मी पान पाहिलं. अगदी कडेला तिच्या अक्षरात होतं : "गुरुजी काय जेवत? शोधणे."

मी ते चाचांना वाचून दाखवलं.

"खलास," चाचा म्हणाले. "हे कापायचं नाय."