मोती घरी आला पाहिजे

दादूस कुजबुजले तरी समोरच्या कारखान्यातला माणूस मान वर करून बघायचा. भिवंडीच्या नारपोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसांचा आवाज मोठाच असतो, पण दादूसचा त्यातही वरच्या पट्टीतला. शुक्रवारी लूम बंद, सगळी गल्ली शांत, तरी हे आपले त्याच आवाजात. आणि गळ्यात जाड साखळी घातलेला, दोन गोडाऊनचा मालक असलेला हा पन्नाशीचा माणूस ओरडत काय असायचा? "मोती मरनार न्हाय! लिवून घे माझ्याकडून!"

नवा माणूस दचकायचाच. मोती हा दादूसचा भाचाही नव्हता आणि कुत्राही नव्हता. 'मिशन नीलतारा' नावाच्या मालिकेतला तो यंत्रमानव. गोल पोटाचा, एका पायाने जरा लंगडणारा. नीलतारा हे यान वाट चुकून अवकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेलं, आणि त्यातल्या माणसांना घरी परतायचं, एवढीच गोष्ट. आधीच्या सीझनच्या शेवटी घरी नेणारं दार सापडलं, पण कोणीतरी मागे राहून ते उघडं धरल्याशिवाय यान आत शिरणार नव्हतं. मोतीने ते धरलं. यान घरी पोचलं, दार मिटलं, मोती तिकडेच राहिला. पुढे शेवटचा एकच भाग यायचा होता आणि तो काही केल्या येईना.

त्या मालिकेला कोणी कार्टून म्हटलेलं दादूसना खपत नसे. "कार्टून नको बोलू. अ‍ॅनिमेशन बोल. कार्टूनला कोन रडतं काय?" त्यांना हे वेड लावलं त्यांच्या मुलीने, मयूने. मयू शाळेत असताना तिला कावीळ झाली होती. अंथरुणावर पडून ती मालिका बघायची, आणि दादूस तिच्या सोबतीला म्हणून पाच मिनिटं टेकले ते पुढे उठलेच नाहीत. मयू बरी झाली, दहावी झाली, कॉलेज संपवून नोकरीला लागली. हे मात्र मोतीच्या पायाला तेल कोण घालत असेल याची काळजी करत बसलेले.

मी मयूची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून मलाही त्या ओटीवर कायमची जागा होती. चौथा गडी इम्तियाजभाई. त्यांचा लूमचा कारखाना दादूसच्या घराला लागूनच. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते थेट आमच्याकडे यायचे, काकी, म्हणजे मयूची आई, चहा ठेवायच्या आणि शेवटावरून भांडण सुरू व्हायचं. तसं कडाक्याचं भांडण मी नंतर कुठल्याच ऑफिसात, कुठल्याच मीटिंगमध्ये पाहिलं नाही. काय मजा यायची!

इम्तियाजभाई लॉजिकवाले. "दादूस, बॅटरी किती दिवस चालेल? ठंडे दिमाग से सोचो ना. नवीन मोती बनवा, जुनी मेमरी टाका, बात खतम." माझं मत होतं की मोतीने तिकडेच राहावं. बलिदान म्हणजे बलिदान, त्यातच गोष्टीची शोभा. यावर दादूस माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच दार लावून घेतलंय. "पोरी, तू शिकलीस, पन तुला काय मायाच न्हाय!" त्यांचं स्वतःचं मत एका वाक्याचं होतं आणि ते दर शुक्रवारी नव्याने मांडलं जायचं. मोती घरी आला पाहिजे. कसा, ते मालिकावाल्यांनी बघावं, त्याचे ते पैसे घेतात.

मयूचं मत मात्र आम्हा सगळ्यांहून वेगळं. ती म्हणायची, "बाबा, मोतीला तिकडे कोणीतरी भेटलं असेल. त्याचं तिकडेही घर झालं असेल. कायमचा परत येईलच असं कशाला धरून चालायचं?" यावर दादूस काकींना चहात साखर कमी पडली म्हणून हाक मारायचे.

मग मयूचं लग्न ठरलं. मुलगा नितीन, वज्रेश्वरीचा, भातशेती आणि देवळाजवळ दुकान. वज्रेश्वरी काही अवकाशाच्या दुसऱ्या टोकाला नाही. भिवंडीहून एसटीत बसलं की डुलकी लागेपर्यंत येतं. पण साखरपुड्यापासून दादूसचा मोतीबद्दलचा हट्ट इतका वाढला की इम्तियाजभाईंनी लॉजिक लढवणंच सोडलं. एकुलती एक मुलगी घरातून निघाली होती आणि तिच्या बापाला ते सोसत नव्हतं. आम्हाला ते दिसत होतं, मयूलाही दिसत होतं, पण त्या घरात या गोष्टीवर बोलायची सोय एकच होती, ती म्हणजे मोती.

हळदीला तर कहर झाला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. बेंजोची वाजंत्री, मटण, गल्लीभर मांडव, आणि तोंडाशी घरातल्या सगळ्यांचे फोटो असलेला भलामोठा फ्लेक्स. दादूसनी नवरीच्या फ्लेक्सशेजारी आणखी एक लावून घेतला. त्यावर एकट्या मोतीचा फोटो, भोवती झेंडूची चौकट, आणि खाली ठळक अक्षरांत 'मोती, आम्ही वाट बघतोय'. कौतुकाने केलेलं काम. पण झेंडूच्या चौकटीतला फोटो पाहून आलेले पाहुणे गडबडले. काल्हेरचे एक मामा दादूसचा हात हातात घेऊन म्हणाले, "कवा गेला? कळवलं पन न्हाय." दुसऱ्या एका बाईंनी नुसतं नाव वाचलं, त्यांना वाटलं घरातलं कुत्रं हरवलंय. त्यांनी नाक्यावर एक तांबडं कुत्रं पाहिल्याचं सांगितलं.

दादूस चिडायचे सोडून खूश झाले. त्यांना ऐकणारे मिळाले! त्यांनी बेंजोवाल्यांना थांबवलं, माईक घेतला (माईकची खरं तर गरज नव्हती) आणि अख्ख्या मांडवाला नीलताराची गोष्ट सांगितली. दार, यान, लंगडा पाय, सगळं. मग विचारलं, "आता तुमी सांगा, शेवट काय पायजे?" झालं! मांडवात तट पडले. मामा म्हणाले यान परत पाठवा. वाढपी म्हणाला एवढ्या लांब डिझेल कोण भरणार. हळद लागलेली मयू पाटावर बसून हसून हसून डोळे पुसत होती. मी तर खुर्चीवर उभी राहून बलिदानाच्या बाजूने ओरडत होते. आयुष्यात एवढी रंगलेली हळद मी दुसरी पाहिली नाही.

पाटाशेजारी धवलारीण बसली होती. लग्नातली धवले गाणारी आणि विधी सांगणारी म्हातारी, या गल्लीतल्या निम्म्या पोरींना तिनेच हळद लावलेली. तिची गाणी मधेच अडली होती म्हणून ती वैतागली.

"ए दादूस, ठेव तो माईक. तुझा मोती यानार."

"बघा!" दादूस ओरडले. "म्हातारीला कळलं!"

"यानार, पन पावना म्हनून यानार. मांडवातून गेलेली पोर येते ना? तसाच. दोन दिस राहील, जेवंल, जाईल. हाच शेवट. आता मला गाऊ दे."

"पावना?" दादूस म्हणाले. "आपल्याच घरात?"

धवलारणीने गाणं सुरू केलं. दादूस मटणाच्या टोपांकडे बघून येतो म्हणून निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघत मी खुर्चीवरून खाली उतरले. त्या दिवसापुरतं माझं बलिदान मी गुंडाळून ठेवलं.

लग्न झालं, मयू गेली. आणि नेमका तिच्या पाचपरतावणाच्या दिवशी, म्हणजे लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली त्या शुक्रवारी, मालिकेचा शेवटचा भाग आला. ओटीवर टीव्ही आणला. मी होते, इम्तियाजभाई होते, मयू दादूसच्या शेजारी नेहमीच्या जागी. नितीन दाराजवळच्या खुर्चीत, हातात गाडीची किल्ली. संध्याकाळच्या आत दोघांना निघायचं होतं.

मोती आला नाही. दाराच्या पलीकडे एक हिरवा दिवा लुकलुकला, मोती तिकडे अजून चालू आहे एवढीच खूण, यानातल्या माणसांनी तो बघितला, आणि नावं वर सरकू लागली. म्हणजे माझा शेवट जिंकला होता, पण आनंद म्हणून काही होईना. इम्तियाजभाई "ये क्या है भाई?" एवढंच म्हणाले.

दादूस उठून उभे राहिले. "हा शेवट हाय? दिवा दाखवला आनि मोकले झाले! त्याला यायचं असंल तर? कोनी विचारलं त्याला?" मग मी काहीतरी बोलले, इम्तियाजभाई मधे पडले, मयू सगळ्यांवर चढ्या आवाजात बोलू लागली, आणि बघता बघता ओटी पेटली. त्या गदारोळात दादूस अचानक दाराकडे वळले.

"जावई, तुमी बोला. तुमचं काय मत?"

नितीन गोंधळला. त्याने त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. त्याने मयूकडे बघितलं, मग सासऱ्याकडे.

"मला ती गोष्ट म्हाईत न्हाय, बाबा," तो म्हणाला. "पन त्याला यायचं असंल तर तो एकटा कशाला येईल? गाडी हाय ना. मी आनून सोडीन. त्याला वाटंल तवा."

मयूने मान खाली घातली होती, पण ती हसत होती हे मला दिसत होतं. दादूसनी उपरण्याने तोंड पुसलं आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "भात टाक गं! ही दोघं जेवून जानार." मग मयूच्या हातात रिमोट दिला. "पयला भाग लाव. जावयांना सुरवातीपासून बगू दे."

नितीनने किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची सोडून आमच्यात सतरंजीवर येऊन बसला.