नर्मदाकाकीने करू नये ते क्रियापद

हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी नर्मदाकाकीच्या कागदावर शेवटी एक ओळ लिहिली होती. औषधांची नावं कुणाला लागत नव्हती. ही ओळ मात्र तिच्या मुलाला, जितेशला, लख्ख वाचता आली. एक्झर्ट करू नये. त्या एका ओळीच्या जोरावर तो गाडी घेऊन आमच्या गावी, नंदाखालला, हजर झाला.

"आई, कपडे भर. आता एव्हरशाईनला, माझ्या फ्लॅटवर राहायचं. लिफ्ट आहे, खाली बाक आहेत."

"भरते की. राजेळी केळीचे दोन घड पिकलेत, तेवढी सुकेळी होऊ दे."

"किती दिवस?"

"आठ. ऊन नीट पडलं तर."

एकाहत्तर वर्षांची काकी चाळीस वर्षं सुकेळी करते आहे. पिकलेली केळी सोलून चटईवर उन्हात मांडायची, दिवस कलला की धोतराच्या कापडात गुंडाळून आत, सकाळी पुन्हा बाहेर. आमच्या आळीत हे करणारी ती एकटीच उरली आहे. बाकीच्यांना सुकेळी फक्त खायला आवडते.

मी शेजारचा. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, तेही दुसऱ्या फेरीत. पण आळीत एवढ्यावर माणूस पंडित ठरतो. काकीने हाक मारली, "ये रे, त्या शब्दात काय आहे ते बघून सांग."

मी शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन. अर्थ, आतलं बाहेर काढणं. म्यानातून तलवार उपसली तरी हेच क्रियापद आणि समोरच्याला जीभ काढून दाखवली तरी हेच. जोर लावणं, कष्ट घेणं हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला.

"म्हणजे आतलं आतच ठेवा म्हणतोय डॉक्टर?" काकी म्हणाली. "केळी आत ठेवली तर कुजतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं."

शेवटी तह झाला. जितेशने काकीच्या घरूनच ऑफिस करायचं आणि चटया त्याने उचलायच्या. काकीने स्टुलावर बसून फक्त सोलायचं. एक जरी चटई तिने उचलली, तर त्याच दिवशी गाडीत.

तीन दिवस बरे गेले. जितेशची कंबर धरली, ते सोडा.

चौथ्या दिवशी दुपारी काकीचा डोळा लागला होता. ढग आले. जितेशने शहाणपणा करून चटयांवर निळं प्लास्टिक ओढलं, कडेने विटा ठेवल्या आणि आत मीटिंगला जाऊन बसला. ढग गेले, ऊन कडक पडलं, आणि प्लास्टिकच्या आत घाम सुटला. काकी जागी झाली ती ओरडतच.

"अरे, वाळवतोयस की उकडतोयस?"

जितेशने कानाला हेडफोन तसाच ठेवून हाताने खूण केली, दोन मिनिटं.

दोन मिनिटं कुणाला होती? मी कुंपण ओलांडून पोहोचेपर्यंत काकीने विटा भिरकावल्या होत्या, प्लास्टिक फराफरा ओढलं होतं आणि सहापैकी पाच चटया अंगणाच्या कोरड्या कोपऱ्यात नेल्या होत्या. सहावीला तिने मला हातसुद्धा लावू दिला नाही.

जितेश बाहेर आला तेव्हा ती स्टुलावर होती. दम लागलेला, चेहरा लाल.

"आई! ठरलं काय होतं आपलं?"

"चटई उचलायची नाही. उचलली. सगळ्या उचलल्या. पुढे?"

त्याने खिशातून कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काकीने पदराने तोंड पुसलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि अख्खी जीभ बाहेर काढून दाखवली.

"जितेश," मी म्हणालो, "हेसुद्धा त्याच क्रियापदात बसतं."

तो हसला नाही. पण कागद खिशात टाकून तो खाली बसला आणि ओलसर केळी एकेक करून उलटू लागला.

"हळू," काकी म्हणाली. "मोडतील."

आठव्या दिवशी गाडी निघाली, मागच्या सीटवर सुक्या पानांत बांधलेली सुकेळी ठेवून. त्यातली एक पुडी डॉक्टरांची. काकी फाटकात उभी होती.

"तपासायला येईन मी डॉक्टरकडे. पण संध्याकाळी इथे आणून सोडायचं. वरच्या बागेत अजून तीन घड आहेत."