सिंगापूर आणखी थोडं लांब हवं होतं

बेंगळुरूहून सिंगापूर किती लांब, असं देवळातल्या बायका सारख्या विचारतात, म्हणून इथं सांगूनच टाकते. बत्तीसशे किलोमीटर, विमानात साडेचार तास. मला वाटलेलं, परदेश म्हणजे दिवसभराचं बसणं. म्हणून तर गेले.

नात तेजू तिथं नोकरीला निघाली. घर लावून द्यायला मी येते म्हटलं. खरं कारण निराळंच. तिचं जायचं ठरल्यापासून तिचं आणि तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या दत्ताचं, बोलणं बंद. सर्जापूर रोडवर एकाच घरात राहून! निरोप पोचवायला मी. विमानात तिचा फोन बंद, उठून जाणार कुठं? तेव्हा सांगू, बाई, आधी तू बोल, त्याला जमायचं नाही.

निघताना दत्तानं बॅग काट्यावर चढवली, पट्टा आवळला. "सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाला, तेही बॅगेला. आणि आत गेला.

बेळ्ळंदूरला गाडी अडकली ती अडकलीच. ड्रायव्हर अण्णा म्हणतात, "अज्जी, बेळ्ळंदूर पार झालं की सिंगापूर आलंच समजा!" तेजूनं फोन पर्समध्ये टाकला, माझ्या बांगड्या फिरवत बसली. "बोल ना आजी काहीतरी." मी काय बोलले? शेंगांची चटणी! कुठल्या डब्यात आहे, किती दिवस टिकेल. महत्त्वाचं विमानासाठी राखून ठेवलेलं ना. चटणी, दशम्या नेता येतात हो, पण लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका. माझं काढून घेतलं. विमानतळ गाठायला अडीच तास लागले, तेही धरून चाला.

विमान वर गेलं, ढग खाली. कापूस पिंजून उन्हात टाकावा तसे! "तेजू, बघ गं," म्हणून वळले, तर पोरगी माझ्या खांद्यावर झोपलेली. आधीच्या हपिसातली कामं संपवून, सामान बांधून दमलेली. तोंड उघडं. मी हललेच नाही. जेवण आलं, मानेनंच नको म्हटलं. हात बधिर झाला. सुखच होतं ते, खोटं कशाला बोलू? आता उठेल, मग बोलू. तोवर खाली जहाजं दिसायला लागली. "आलं पण?" म्हणत ती उठली आणि उतरल्या उतरल्या फोन चालू केला.

सिंगापूर छान आहे. रस्ते लख्ख, इडली आपल्यासारखीच मिळते. पण तेजू सकाळी हपिसला, संध्याकाळी फोन कानाला. परतताना विमानतळावर मी म्हटलं, "तेजू, तुझ्या बाबाला..." तेवढ्यात व्हीलचेअरवाल्या बाईंनी मला भरकन पुढं नेलं. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा, पण ती कुणासाठी थांबत नाही.

न्यायला दत्ता आला. बेळ्ळंदूरला गाडी पुन्हा अडकली. मग म्हणाला, "विमानात काय म्हणाली?"

"झोपली होती."

"तोंड उघडं टाकून?"

"हो."

स्वल्प हसला. या खेपेला मी थांबले नाही. सिग्नललाच सांगितलं, "दत्ता, तूच फोन कर." "बघू," म्हणाला. अजून बघतोच आहे.

तो प्रवास पुन्हा मिळाला तरी खांद्यावरची झोप मी मोडणार नाही. बेळ्ळंदूरला मात्र चटणीचं काढणार नाही.